विंडोज ७च्या संगणकावर अँटिव्हायरस कसा सांभाळावा

सांगलीच्या मार्केट यार्डातील अडत दुकानांत मी संगणकांच्या देखभालीची कामे करतो. गादीशेजारच्या टेबलावरचा संगणक बहुधा दहा ते पंधरा वर्षांचा असतो. त्यावर विंडोज ७ असते, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती असते, आणि शेतकऱ्याची पट्टी छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जाड केबलने मागच्या रुंद पोर्टला जोडलेला असतो. मालकांना बदलाबद्दल विचारले, तर उत्तर ठरलेले असते : "चाललंय की ओ, कशाला बदलायचं?" या उत्तराला मी हसत नाही. त्या प्रिंटरचे पोर्ट आजच्या बहुतेक संगणकांवर नसते, वजनकाट्याचे सॉफ्टवेअर बसवून देणारा माणूस केव्हाच धंदा सोडून गेलेला असतो, आणि हळदीचे सौदे जोरात असताना हिशेबाचे यंत्र बदलण्याचा धोका कोणताही शहाणा व्यापारी पत्करत नाही. त्यामुळे जुना संगणक अजून काही काळ चालवायचाच असेल, तर त्यावरचा अँटिव्हायरस कसा निवडावा, कसा बसवावा आणि तो खरोखर काम करतो आहे की नाही हे कसे पाहावे, एवढ्यापुरते हे लेखन आहे.

आधी मर्यादा समजून घ्यावी. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची सुरक्षा अद्यतने ८ एप्रिल २०१४ रोजी बंद केली आणि विंडोज ७ची १४ जानेवारी २०२० रोजी. संस्थांना पैसे भरून मिळणारी विंडोज ७ची जादा मुदतही १० जानेवारी २०२३ रोजी संपली, आणि त्याच दिवशी विंडोज ८.१चाही पाठिंबा थांबला. यानंतर या प्रणालींमध्ये जी नवी त्रुटी सापडते, ती सर्वसाधारण ग्राहकासाठी उघडीच राहते. अँटिव्हायरस ती त्रुटी बुजवत नाही. त्या त्रुटीतून आत येणारी ओळखीची फाइल किंवा संशयास्पद हालचाल तो अडवू शकतो, इतकेच. सांगलीशेजारच्या हरिपूरची हळदीची पेवे, म्हणजे हळद साठवायची जमिनीतली कोठारे, ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पेवाचे तोंड नीट लिंपून बंद केले की हळद वर्षानुवर्षे टिकत असे. पण २००५च्या महापुरात पाणी पेवांत शिरले, तेव्हा लिंपलेल्या तोंडाचा उपयोग झाला नाही. जुन्या विंडोजवर अँटिव्हायरस म्हणजे ते लिंपण आहे. ते हवेच, परंतु पाणी यंत्रापर्यंत येऊच नये यासाठी जे करायचे, ते निराळे काम आहे आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचेही आहे.

बसवण्यापूर्वीची तपासणी

डेस्कटॉपवरील 'कॉम्प्युटर' या चिन्हावर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' उघडावे. तिथे चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात : विंडोजची आवृत्ती, सर्व्हिस पॅक १ आहे की नाही, प्रणाली ३२ बिटची आहे की ६४ बिटची, आणि रॅम किती आहे. सर्व्हिस पॅक १ हा २०११ साली आलेला आहे आणि तो नसलेल्या विंडोज ७वर आज जवळपास कोणताही अँटिव्हायरस बसत नाही. रॅम दोन जीबी असेल, तर ती चार जीबी करून घेणे हा अँटिव्हायरसवरच्या खर्चापेक्षा अधिक गुणकारी खर्च आहे, कारण कमी रॅमवर अँटिव्हायरस संगणक इतका मंद करतो की दिवाणजी शेवटी वैतागून तो बंदच करून टाकतात.

यानंतरची पायरी बहुतेक लोक गाळतात आणि मग "इन्स्टॉल होत नाही" अशी तक्रार करतात. बहुतेक प्रोग्रॅमांवर आणि ड्रायव्हरांवर, म्हणजे विंडोजच्या आतल्या थरात चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांवर, त्यांच्या कंपनीची डिजिटल सही असते. पूर्वी ही सही शा-१ या पद्धतीने होत असे. ती पद्धत असुरक्षित ठरल्यामुळे आता शा-२ पद्धतीची सही वापरली जाते. मूळ विंडोज ७ला ही नवी सही पूर्णपणे ओळखता येत नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने २०१९ साली केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९ ही दोन अद्यतने दिली. ती नसतील, तर अँटिव्हायरसचा ड्रायव्हर विंडोज चालू करू देत नाही; कधी सेटअप मध्येच थांबतो, कधी सेटअप पूर्ण होतो पण संरक्षण सुरूच होत नाही, आणि दुसरा प्रकार अधिक वाईट, कारण मालकाला वाटते की काम झाले. कंट्रोल पॅनेलमध्ये 'प्रोग्रॅम्स अँड फीचर्स' उघडून डावीकडच्या 'व्ह्यू इन्स्टॉल्ड अपडेट्स'वर टिचकी मारल्यास यादी दिसते. तिथे हे दोन आकडे शोधावेत. नसतील तर मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगवरून, आपल्या ३२ किंवा ६४ बिटच्या प्रणालीप्रमाणे, दुसऱ्या चांगल्या संगणकावर ती उतरवून घ्यावीत, आधी पहिले आणि मग दुसरे बसवावे, आणि संगणक पुन्हा सुरू करावा.

आता घड्याळ. हा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण यानेच माझा एक संपूर्ण दिवस खाल्ला आहे. गणपती पेठेतील एका दुकानात दर सकाळी अँटिव्हायरसचे चिन्ह लाल होत असे. लायसन्स चालू, इंटरनेट चालू, तरी अपडेट होत नव्हते. मी सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवले, दुसऱ्या दिवशी तेच. शेवटी चहा घेताना स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्याकडे लक्ष गेले. तिथे १ जानेवारी २००९ अशी तारीख होती. दुकान बंद करताना मुख्य स्विच बंद केला जात असे आणि मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असल्याने रात्रीत घड्याळ मागे जात असे. संगणकाची तारीख चुकली, की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अमान्य ठरतात, लायसन्सची मुदत भलतीच दिसते आणि अपडेटच्या सर्व्हरशी जोडणी होत नाही. सीआर २०३२ या क्रमांकाचा तो सेल कोणत्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. केबल काढून, कॅबिनेट उघडून तो बदलावा, तारीख आणि वेळ दुरुस्त करावी, आणि मगच सॉफ्टवेअरला दोष द्यावा.

कोणता घ्यावा

'सर्वांत चांगला अँटिव्हायरस कोणता' हा प्रश्न जुन्या संगणकासाठी निरुपयोगी आहे. विचारायचा प्रश्न असा : आज, या महिन्यात, कोणती कंपनी विंडोज ७ साठी व्हायरसच्या ओळखीची माहिती पुरवते आणि पुढे किती दिवस पुरवणार आहे? याचे उत्तर कंपनीच्या संकेतस्थळावरील 'सिस्टिम रिक्वायरमेंट्स' या पानावर असते. खोक्यावर छापलेल्या मजकुरावर विसंबू नये, कारण खोका दुकानात वर्षभर पडून असू शकतो. पुण्याच्या क्विक हीलचे संस्थापक काटकर बंधू मूळचे आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातले, त्यामुळे आपल्या भागात त्या नावाबद्दल आपुलकी आहे आणि त्यांचे विक्रेतेही गावोगावी आहेत. तरीही घराजवळचा विक्रेता ही सोय आहे, पात्रता नव्हे. कोणत्याही कंपनीचे पान उघडून स्वतः वाचावे.

इथे दोन गोष्टींतील फरक लक्षात ठेवावा. अँटिव्हायरसचा मूळ प्रोग्रॅम वेगळा आणि त्याला रोज मिळणारी व्हायरसची ओळखयादी वेगळी. अनेक कंपन्या जुन्या विंडोजसाठी नवा प्रोग्रॅम देणे थांबवतात, पण आधीच्या आवृत्तीला ओळखयादी काही काळ देत राहतात. अशा वेळी संकेतस्थळावर ठळकपणे दिसणारा, काही एमबीचा छोटा सेटअप घेऊ नये. तो सर्वांत नवी आवृत्ती उतरवायला जातो आणि विंडोज ७ पाहून माघार घेतो. आपल्या प्रणालीला चालणाऱ्या शेवटच्या आवृत्तीचा संपूर्ण ऑफलाइन सेटअप शोधावा, आणि तो सापडला की पेन ड्राइव्हवर व एखाद्या दुसऱ्या संगणकावर जपून ठेवावा, कारण सहा महिन्यांनी तो त्या पानावर असेलच याची खात्री नसते. तो फक्त कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावा. जुनी सॉफ्टवेअर फुकट देणारी जी संकेतस्थळे आहेत, त्यांच्यावरून अँटिव्हायरस उतरवणे म्हणजे चोराकडूनच कुलूप विकत घेणे होय.

लायसन्स एकाच वर्षाचे घ्यावे. तीन वर्षांचे स्वस्त पडते हे खरे, परंतु दुसऱ्या वर्षी कंपनीने विंडोज ७चा पाठिंबा काढला, तर उरलेले पैसे वसूल होतील असे नाही. विंडोज ७मध्ये मुळात असलेला विंडोज डिफेंडर हा फक्त स्पायवेअर पाहणारा आहे, तो पूर्ण अँटिव्हायरस नव्हे; विंडोज ८पासून त्याच नावाचा पूर्ण अँटिव्हायरस आला आणि या नामसाधर्म्यामुळे पुष्कळांचा गैरसमज होतो. 'डिफेंडर आहे की आमच्यात' असे विंडोज ७बद्दल कोणी म्हणाले, तर तो संगणक उघडा आहे असे समजावे. क्रॅक केलेल्या अँटिव्हायरसबद्दल लिहावेसे वाटत नाही. तो वापरणाऱ्याने निदान स्वतःची फसवणूक तरी करू नये.

काढणे आणि बसवणे

एका संगणकावर एकच अँटिव्हायरस असावा. दोन असल्यास दोघेही प्रत्येक फाइल उघडताना मध्ये येतात, एक दुसऱ्याच्या कोंडून ठेवलेल्या फाइली व्हायरस म्हणून पकडतो, आणि यंत्र इतके अडखळते की एक पट्टी छापायला दोन मिनिटे लागतात. जुना काढताना 'प्रोग्रॅम्स अँड फीचर्स'मधून तो अनइन्स्टॉल करावा, संगणक पुन्हा सुरू करावा, आणि नंतर त्या कंपनीने दिलेले खास साफसफाईचे टूल चालवावे. बहुतेक मोठ्या कंपन्या असे टूल देतात, कारण नेहमीच्या अनइन्स्टॉलनंतर ड्रायव्हर मागे राहतात हे त्यांनाही ठाऊक असते. मुदत संपलेला तीन वर्षांपूर्वीचा 'ट्रायल' अँटिव्हायरस हा या उरलेल्या सामानाचा सर्वांत नेहमीचा नमुना आहे.

हे सर्व इंटरनेटची केबल काढून करावे. क्रम असा ठेवावा : टॅलीच्या डेटाचा बॅकअप आधी घ्यावा, नवा सेटअप आणि त्याची ताजी ऑफलाइन अपडेट फाइल दुसऱ्या संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हने आणावी, मग केबल काढून जुना अँटिव्हायरस उतरवावा, नवा बसवावा, ऑफलाइन अपडेट चालवावे आणि पूर्ण स्कॅन संपल्यावरच केबल जोडावी. जुन्या हार्ड डिस्कवर पहिला पूर्ण स्कॅन पाच-सहा तासही घेतो, म्हणून हे काम यार्ड बंद असलेल्या दिवशी काढावे. मी एकदा सौद्याच्या दिवशी सकाळी नऊला हा स्कॅन सुरू केला होता; त्या दिवशी पट्ट्या हाताने लिहिल्या गेल्या आणि मला दुपारी जेवायला कोणी विचारले नाही.

सेटिंग्ज

फाइल उघडतानाच तपासणारे रिअल टाइम संरक्षण कायम चालू असावे, पेन ड्राइव्ह जोडताच तपासण्याची सोय चालू असावी, आणि सेटिंग्जना पासवर्ड द्यावा, म्हणजे "जरा स्लो झालंय" म्हणून कोणी ते परस्पर बंद करणार नाही. गेम मोड, पासवर्ड मॅनेजर, ब्राउझरचे जादा टूलबार, संगणक 'वेगवान' करणारी साधने, यांपैकी काहीही चार जीबीच्या यंत्रावर चालू ठेवू नये.

नियमित स्कॅनची वेळ हा विचार करण्याजोगा विषय आहे. बहुतेक अँटिव्हायरसमध्ये ती रात्रीची असते, आणि आपल्या दुकानांत रात्री आठला मुख्य स्विच बंद होतो. म्हणजे तो स्कॅन महिनोन्महिने एकदाही झालेला नसतो. वेळ दुपारी जेवणाच्या सुटीची ठेवावी, आठवड्यातून एकदा ठेवावी, आणि 'वेळ चुकल्यास पुढच्या वेळी चालवा' असा पर्याय असेल तर तो निवडावा. रोज करायचा स्कॅन झटपट प्रकारचा पुरे.

वगळण्याची यादी, जिला 'एक्सक्लूजन्स' म्हणतात, ती अवश्य उघडून पाहावी. विश्रामबागेतील एका कार्यालयात मला बोलावले, तेव्हा अँटिव्हायरस हिरवा होता, लायसन्स ताजे होते, अपडेट त्याच सकाळचे होते, आणि तरीही प्रत्येक पेन ड्राइव्हवर व्हायरसचे शॉर्टकट तयार होत होते. वगळण्याच्या यादीत फक्त एक ओळ होती : संपूर्ण सी ड्राइव्ह. आधीच्या कोणा तंत्रज्ञाने हिशेबाचे सॉफ्टवेअर वेगाने चालावे म्हणून दोन वर्षांपूर्वी हा उपाय केला होता आणि तो कोणाला आठवतही नव्हता. हिशेबाचे सॉफ्टवेअर खरोखर अडत असेल, तर फक्त त्याच्या डेटाचे एक फोल्डर वगळावे. डाउनलोड्स, डेस्कटॉप, टेम्प आणि पेन ड्राइव्हची अक्षरे त्या यादीत कधीही नसावीत.

शेवटी परीक्षा घ्यावी. अँटिव्हायरस जागा आहे की झोपला आहे हे पाहण्यासाठी आयकार या नावाची एक चाचणी फाइल जगभर वापरतात. ती ६८ अक्षरांची साधी ओळ असते, तिच्यात काहीही घातक नसते, परंतु सर्व कंपन्यांनी ती व्हायरसप्रमाणे पकडायची असे ठरलेले आहे. आयकार संस्थेच्या संकेतस्थळावरून ती घेऊन पेन ड्राइव्हवर ठेवावी आणि पेन ड्राइव्ह संगणकाला लावावा. लगेच इशारा आला, तर रिअल टाइम संरक्षण चालू आहे. फाइल मुकाट्याने उघडली, तर कोपऱ्यातील हिरव्या चिन्हाला काही अर्थ नाही.

आठवड्याची सवय

हिरवे चिन्ह आणि ताजी ओळखयादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या विंडोजवर अपडेट बंद पडते, तेव्हा ते सहसा आवाज करत नाही. म्हणून दर सोमवारी दुकान उघडल्यावर अँटिव्हायरसची खिडकी उघडून 'व्हायरस डेटाबेस' किंवा 'लास्ट अपडेट' यापुढची तारीख पाहावी आणि ती भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या दिवसाच्या चौकटीत पेन्सिलीने लिहावी. तीन दिवसांपेक्षा जुनी तारीख दिसली, तर हाताने अपडेट चालवावे. तरीही झाले नाही तर घड्याळ, मग इंटरनेट, मग लायसन्स, मग डिस्कवरची मोकळी जागा, या क्रमाने पाहावे. सी ड्राइव्ह गच्च भरलेला असणे हे अपडेट अडण्याचे फार सामान्य कारण आहे. सगळे ठीक असूनही यादी जुनीच राहत असेल, तर कंपनीने विंडोज ७ला पुरवठा थांबवला आहे का हे विचारावे; तसे असेल तर त्या दिवसापासून तो संगणक इंटरनेटवर ठेवू नये.

अँटिव्हायरसवरचा भार कमी करणे

मे २०१७मधील वॉनाक्राय आठवावे. त्या खंडणीखोर व्हायरसने कोणाला ईमेल उघडायला लावले नाही. तो विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतील त्रुटीतून एका यंत्रावरून दुसऱ्यावर आपोआप गेला. त्या त्रुटीवरचे अद्यतन मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, १४ मार्च २०१७ रोजी दिलेले होते आणि बाधित झालेल्या यंत्रांत बहुतांश विंडोज ७चीच होती. ज्यांनी अद्यतन बसवले होते त्यांना धक्का लागला नाही. यावरून विंडोज ७च्या मालकाने दोन कामे ओळखावीत. पहिले, २०२०पर्यंतची उपलब्ध असलेली सर्व अद्यतने बसवून घ्यावीत. 'पाठिंबा संपला' म्हणून आधीचीही बसवू नयेत, हा विचित्र तर्क मी अनेकदा ऐकला आहे. दुसरे, जी सेवा लागत नाही ती बंद करावी. दुकानात एकच संगणक असेल, तर फाइल शेअरिंग कशासाठी हवे? रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून हा संगणक चालवण्याची विंडोजची सोय, बंद असावे. दुरुस्तीसाठी कोणी दुरून जोडण्याचे सॉफ्टवेअर टाकून गेले असेल, तर काम होताच ते काढून टाकावे.

रोजच्या कामासाठी ॲडमिनिस्ट्रेटरचे खाते वापरू नये. कंट्रोल पॅनेलच्या 'युजर अकाउंट्स'मध्ये दिवाणजींसाठी साधे 'स्टँडर्ड युजर' खाते काढावे आणि ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मालकांकडे ठेवावा. टॅली आणि प्रिंटर त्या खात्यावर चालतात का ते एकदा पाहून घ्यावे. एखादे जुने सॉफ्टवेअर हट्ट करते, तेव्हा त्याच्या फोल्डरला लिहिण्याची परवानगी दिली की बहुधा भागते. या एका बदलामुळे चुकून उघडलेली फाइल संपूर्ण यंत्राचा ताबा सहजासहजी घेऊ शकत नाही.

क्रोमची विंडोज ७वर चालणारी शेवटची आवृत्ती १०९ ही आहे, जी जानेवारी २०२३मध्ये आली आणि आता बरीच मागे पडली आहे. फायरफॉक्सची ११५ ही विस्तारित आवृत्ती तिच्यापेक्षा अधिक काळ सुरक्षा दुरुस्त्या मिळवत राहिली, म्हणून ब्राउझर ठेवायचाच असेल तर ती ठेवावी. मात्र बँकेचे व्यवहार आणि जीएसटीचे काम या यंत्रावर करूच नये. त्यासाठी अद्ययावत मोबाइल किंवा दुसरा संगणक वापरावा. ॲडोबी फ्लॅशचा पाठिंबा २०२०च्या अखेरीस संपला, तो अजून असेल तर काढावा. विंडोज एक्सपीच्या यंत्राविषयी तर वाद नको : त्याची इंटरनेट केबल कापूनच टाकावी असे मी सांगतो, आणि हे अक्षरशः करणारे एक गृहस्थ मला माहीत आहेत.

पेन ड्राइव्ह

यार्डात व्हायरस येतो तो मुख्यतः झेरॉक्सच्या दुकानातून परत आलेल्या पेन ड्राइव्हमधून. फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसू लागतात, त्यांच्या चिन्हावर डाव्या कोपऱ्यात छोटा बाण असतो, आणि माणूस आपले फोल्डर समजून त्यावर टिचकी मारतो. त्या टिचकीनेच व्हायरस संगणकात शिरतो. मूळ फाइली गेलेल्या नसतात, त्या फक्त लपवलेल्या असतात. अशा वेळी पेन ड्राइव्ह फॉरमॅट करण्याची घाई करू नये. 'कॉम्प्युटर'मध्ये त्या ड्राइव्हवर उजवी कळ दाबून स्कॅन करावा, नंतर 'फोल्डर ऑप्शन्स'च्या 'व्ह्यू' भागात लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय निवडावा आणि संरक्षित सिस्टिम फाइली लपवण्याची खूण काढावी. अंधूक दिसणारी मूळ फोल्डरे समोर येतात. त्यांतील मजकूर कॉपी करून घ्यावा आणि शॉर्टकट पुसावेत. कंट्रोल पॅनेलमधील 'ऑटोप्ले'ही बंद करून टाकावे. हिशेबाच्या संगणकाचा एक पेन ड्राइव्ह वेगळा ठेवावा, त्याला लाल दोरा बांधावा, आणि तो दुकानाबाहेर जाऊ देऊ नये. प्रिंट काढायला बाहेर न्यायचा ड्राइव्ह दुसरा असावा.

काही सापडल्यास

इशारा आल्यावर 'डिलीट' ऐवजी 'क्वारंटाइन' निवडावे, म्हणजे फाइल कोंडून ठेवली जाते आणि चूक झाली असल्यास परत आणता येते. जुन्या मराठी फॉन्टची किंवा वजनकाट्याची साधने अँटिव्हायरस कधी कधी उगाच पकडतो, कारण ती सही नसलेली आणि दुर्मीळ असतात. अशी फाइल कंपनीच्या मदत केंद्राला पाठवून खात्री करावी. अँटिव्हायरस बंद करून ती चालवू नये. व्हायरस पुन्हा पुन्हा परत येत असेल, तर विंडोज चालू असताना तो निघणार नाही. कंपनीची बूट होणारी रेस्क्यू डिस्क दुसऱ्या संगणकावर तयार करून तिच्यावरून यंत्र सुरू करावे आणि तसा स्कॅन करावा. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रानेही २०१७पासून मोफत सफाईची साधने उपलब्ध करून दिलेली आहेत.

फाइलींची नावे बदललेली दिसली आणि खंडणी मागणारा मजकूर स्क्रीनवर आला, तर प्रथम इंटरनेटची केबल आणि जोडलेला प्रत्येक ड्राइव्ह काढावा. पैसे भरू नयेत. नो मोअर रॅन्सम या प्रकल्पाच्या संकेतस्थळावर अशा व्हायरसांनी फाइलींना लावलेल्या काही जातींच्या कुलुपांच्या किल्ल्या मोफत मिळतात, तिथे दुसऱ्या संगणकावरून पाहावे. बँकेतून पैसे गेले असतील तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे.

बॅकअप इथेच कामाला येतो. दोन बाह्य ड्राइव्ह घ्यावेत, एका आठवड्याला एक आणि दुसऱ्याला दुसरा असे आलटून पालटून वापरावेत, आणि बॅकअप होताच काढून ठेवावेत; कायम जोडलेला ड्राइव्ह व्हायरसच्या दृष्टीने संगणकाचाच भाग असतो. सांगलीत याला आणखी एक अट जोडावी लागते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी कृष्णेचे पाणी पेठांत आले, आणि काही ठिकाणी संगणक, बॅकअपचा ड्राइव्ह व वहीखाते हे तिन्ही तळमजल्यावरच्या एकाच कपाटात भिजले. एक ड्राइव्ह घरी, वरच्या मजल्यावर असावा.

यंत्र निवृत्त करताना

विंडोज १०चा पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने विंडोज ७वरून १०वर जाणे हा आता खर्चाला साजेसा उपाय राहिलेला नाही. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि त्यामानाने नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे जुन्या यंत्रावर ते अधिकृतपणे बसत नाही. ब्राउझर आणि ईमेलपुरता वापर असेल, तर त्याच यंत्रावर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी बसवता येणारी मोफत प्रणाली चांगली चालते. टॅली मात्र त्यावर चालवण्याच्या नादी लागू नये. बहुतेक दुकानांना मी असे सांगतो की इंटरनेटचे काम नव्या संगणकावर न्यावे आणि जुना फक्त पट्ट्या छापण्यासाठी, केबल काढून ठेवावा. त्याचाही अँटिव्हायरस सोडून देऊ नये, कारण लाल दोऱ्याचा पेन ड्राइव्ह त्याला लागतच राहणार. दर पंधरा दिवसांनी नव्या संगणकावर ऑफलाइन अपडेटची फाइल उतरवावी, त्याच ड्राइव्हने जुन्यात चालवावी, आणि कॅबिनेटच्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर तारीख लिहून पुढे सही करावी. मागच्या रिकाम्या नेटवर्क पोर्टवर चिकटपट्टी लावून ठेवली, तर नवा पोरगा हौसेने केबल जोडण्यापूर्वी निदान एकदा विचारतो.